चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्या वगळल्या तर नेमके काय हरवते?

सातारकर

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका वाचनालयाच्या सभागृहात जुना चित्रपट दाखवतो. गेल्या महिन्यात हिचकॉक यांचा १९५८ सालचा 'व्हर्टिगो' लावला होता. सुरुवातीलाच उशीर झाला होता आणि सभागृह साडेनऊपर्यंत रिकामे करून द्यायचे होते, म्हणून यंत्र सांभाळणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने पाट्या पुढे सरकवल्या आणि छपरावरच्या पाठलागापासून चित्रपट सुरू केला. त्यावर मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध गृहस्थ उभे राहून म्हणाले, "अहो, पहिला प्रवेशच कापलात तुम्ही." सहकाऱ्याने उत्तर दिले की नुसती नावे तर होती. चित्रपट संपल्यावर जिन्यात हा वाद पुन्हा निघाला आणि तिथे तो मिटला नाही.

घरी येऊन मी त्या पाट्या एकट्याने पाहिल्या आणि ते गृहस्थ बरोबर होते असे मला वाटू लागले. पण का बरोबर होते, हे मला नीट मांडता येत नाही. तेव्हा तीन गोष्टी विचारतो. पाट्या हा चित्रपटाचाच भाग आहे, असे केव्हापासून मानले जाऊ लागले? संगणक नसताना हे सारे कसे करत असत? आणि पूर्वी सगळी नावे आधी येत, ती आता शेवटी का गेली? पुढच्या महिन्यात केवळ पाट्यांवर तासाभराचा कार्यक्रम करावा असे मनात आहे, म्हणून काय दाखवावे हेही सुचवावे.

---

पडद्यामागे

सातारकर, आपल्या पहिल्या प्रश्नाला इतिहास शक्यतो एकच तारीख देत नाही, पण इथे १९५५ हे साल बऱ्याच विश्वासाने सांगता येते.

त्याआधी पाट्या नव्हत्या असे मुळीच नाही. मूकपटांत तर पाटीवाचून गोष्टच पुढे सरकत नसे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या व्यवसायात होते, आणि 'राजा हरिश्चंद्र'ची जी रिळे आज उपलब्ध आहेत त्यांत इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांतील पाट्या आहेत. बोलपट आल्यावर निवेदनाच्या पाट्या गेल्या आणि नावांच्या उरल्या. स्टुडिओंनी त्यांचा एक साचा ठरवून टाकला. कुठे जाडजूड पुस्तकाची पाने उलटतात, कुठे रेशमी कापडावर सोनेरी अक्षरे उमटतात, युद्धपट असेल तर मागे झेंडा फडकतो. आपल्याकडे 'प्रभात'ची तुतारी वाजली की प्रेक्षक सावरून बसत, हे खरे आहे. पण ती कंपनीची खूण होती, त्या विशिष्ट चित्रपटाचा आशय सांगणे हे तिचे काम नव्हते. अमेरिकेत अनेक चित्रपटगृहांत पाट्या चालू असेपर्यंत पडदा बंदच ठेवत. नावे त्या पडद्याच्या कापडावरच पडत आणि पहिले दृश्य आले की कापड बाजूला सरे.

१९५५ मध्ये ऑटो प्रेमिंजर यांचा 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' आला. हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या माणसाची ही कथा आणि ती भूमिका फ्रँक सिनात्रा यांची. अमली पदार्थ हा विषय त्या वेळच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेला मान्य नव्हता, त्यामुळे चित्रपट मान्यतेच्या शिक्क्याशिवायच प्रदर्शित झाला. पाट्या सॉल बास या जाहिरात-क्षेत्रातील आरेखनकाराने केल्या. काळ्या पडद्यावर वरून एक पांढरी पट्टी उतरते, मग आणखी काही उतरतात. एल्मर बर्नस्टीन यांच्या जॅझच्या ठेक्यावर त्या येतात, थांबतात, आडव्या होतात, कडेला सरकतात, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत नावे उमटतात. पट्ट्यांच्या कडा सरळ नाहीत, कात्रीने घाईत कापलेल्या कागदासारख्या आहेत. शेवटी त्या एकत्र येऊन एक हात तयार होतो. वाकडा, खाली झेपावणारा, बोटे ताठरलेली. शीर्षकातला हात तो हाच, आणि सुईसुद्धा त्याच हातात जाणार आहे. संपूर्ण पाट्यांत ना सुई दिसते ना एकाही माणसाचा चेहरा.

या चित्रपटाच्या डब्यांबरोबर प्रक्षेपकांसाठी सूचना पाठवली होती, की पाट्या सुरू होण्यापूर्वी पडदा उघडावा. माझ्या मते आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या सूचनेत आहे. दिग्दर्शकाने पहिल्यांदा लेखी सांगितले की चित्रपट इथून सुरू होतो.

पुढच्या पाच वर्षांत बास यांनी हिचकॉक यांच्यासाठी तीन कामे केली: 'व्हर्टिगो', 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' आणि 'सायको'. दुसऱ्यात हिरव्या पार्श्वभूमीवर तिरक्या रेघांची जाळी तयार होते, नावे उद्वाहनासारखी वरखाली सरकतात आणि मग कळते की ती जाळी म्हणजे न्यूयॉर्कमधील एका इमारतीची काचेची भिंत आहे. कार्यक्रमात ही तिन्ही दाखवावीत, आणि त्यांच्याआधी 'गोल्डन आर्म' अवश्य दाखवावा.

---

लोलक

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून फक्त 'व्हर्टिगो'विषयी लिहितो.

पाट्यांची सुरुवात एका स्त्रीच्या चेहऱ्याने होते. कॅमेरा ओठांवर जातो, मग डोळ्यांवर, आणि एकाच डोळ्यावर स्थिरावतो. पडदा लाल होतो, बुबुळातून चित्रपटाचे नाव बाहेर येते आणि त्यानंतर खोल काळोखात गोल फिरणाऱ्या आकृत्या एकामागून एक जवळ येत राहतात. या आकृत्या हाताने काढलेल्या नाहीत, याची मला खात्री होती, कारण त्यांच्यातील बहुतेक मी फळ्यावर काढतो. एकमेकांस काटकोनात असलेली दोन आंदोलने एकत्र केली की जो मार्ग मिळतो त्याला लिसाजूच्या आकृत्या म्हणतात. ज्यूल लिसाजू या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्यांचा अभ्यास केला. वर्गात मी तळाला भोक पाडलेल्या डब्यात बारीक रेती भरतो, तो इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात बांधलेल्या दोऱ्यांना टांगतो आणि झोका देतो. खालच्या काळ्या कागदावर रेतीची रेघ पडत जाते. डब्याचे आंदोलन हळूहळू मंदावत असल्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या किंचित आत पडते आणि कागदावर भोवरा तयार होतो. मुले त्या वेळी अगदी गप्प होतात.

बास यांना ज्यांनी साहाय्य केले ते जॉन व्हिटनी हेच तत्त्व वापरत होते. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम धरण्यासाठी जी यांत्रिक गणकयंत्रे बनवली होती, त्यांतील एक त्यांनी भंगारातून मिळवले होते. त्याचा फिरता मंच आणि त्यावर झुलणारा लोलक यांच्या संयोगातून या रेषा उतरल्या. चित्रपटांत यंत्राने गणित करून चित्र काढल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत या पाट्यांची गणना होते, ती यामुळेच.

आता आपल्या सहकाऱ्याच्या "नुसती नावे" या म्हणण्याकडे येतो. चित्रपटाच्या नायकाला उंचीवर गेले की चक्कर येते. पुढे घंटाघराच्या जिन्यात ती चक्कर आपल्याला दिसते, नायिकेच्या केसांच्या अंबाड्यातही तोच भोवरा दिसतो, आणि नायक तर एकाच स्त्रीभोवती घिरट्या घालत राहतो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या थोडी आत, बाहेर पडायला वाट नाही, हा नियम प्रेक्षकाच्या डोळ्यांना पाट्यांतच शिकवलेला असतो. ज्यांनी पाट्या पाहिल्या नाहीत, त्यांना अंबाडा हा केवळ अंबाडा दिसला असेल. ते गृहस्थ म्हणाले ते अक्षरशः खरे आहे.

---

रोस्ट्रम

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवातून देऊ शकतो. मुंबईतील एका प्रयोगशाळेत पाट्यांच्या कामावर मी सतरा वर्षे होतो. तिचे नाव लिहीत नाही.

नावांची यादी निर्मात्याच्या कचेरीतून हाताने लिहून येई. अक्षरे रंगवणारे कारागीर काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर रंगाने, हिंदी, इंग्रजी आणि पुष्कळदा उर्दूतही, तीच नावे लिहीत. हे कार्ड कॅमेऱ्याखालच्या सपाट मेजावर ठेवायचे, वरून काच दाबायची, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड टाकायचा आणि एकेक चौकट टिपायची. कॅमेरा खांबावर वरखाली होई. अक्षर मोठे होत जवळ यावे असे वाटले, तर प्रत्येक चौकटीला कॅमेरा किती खाली आणायचा त्याचा तक्ता आधी कागदावर मांडावा लागे.

चालत्या दृश्यावर नावे हवी असतील, तर काम ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचे चित्र दुसऱ्या फिल्मवर पुन्हा टिपणाऱ्या यंत्रावर, जाई. पांढरे अक्षर सोपे, कारण दृश्याच्या प्रतीवर अक्षरांचा प्रकाश दुसऱ्यांदा पाडला की तेवढा भाग उजळून निघतो. अक्षर पिवळे किंवा लाल हवे असेल, तर आधी दृश्यात अक्षराच्या आकाराची काळी जागा राखून ठेवायची आणि मग त्याच जागेत रंग भरायचा. दोन्ही वेळा फिल्म केसभरही हलता कामा नये, नाहीतर अक्षराला काळी किनार दिसते. या सगळ्यासाठी मूळ निगेटिव्हची नक्कल काढावी लागते, आणि नकलेत दाणा, म्हणजे चित्रातला खरखरीतपणा, वाढतो. जुना चित्रपट बघताना शेवटचे नाव गेले की चित्र एकदम स्वच्छ झाल्यासारखे वाटते ना, त्याचे कारण हे आहे. 'शोले'सारख्या चित्रपटात, जिथे स्थानकापासून गावापर्यंतची घोडदौड पाट्यांखाली आहे, तिथे तो सगळा प्रवास नामावलीबरोबर प्रिंटरमधून जातो.

देवनागरीची एक अडचण मात्र परदेशी पुस्तकांत वाचायला मिळणार नाही. बास यांनी रोमन अक्षरे तोडली, सरकवली, आडवी कापली, तरी ती वाचता येतात, कारण रोमन अक्षर मुळातच सुटे असते. आपला शब्द शिरोरेषेने बांधलेला आहे. अक्षर एकेक करून आत आणायचे म्हटले, की शिरोरेषेचे तुकडे दिसतात. शिवाय वेलांटी आधी आणायची की तिचे व्यंजन, हा प्रश्न उरतोच. आमच्या एका वयस्कर कारागिराने यावर उपाय काढला होता. तो आधी पूर्ण शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढून घेई आणि मग अक्षरे तिच्यापासून खाली उतरवी, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. तीस वर्षे झाली, पण त्याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही, आणि आज संगणकावर देवनागरी नावे हलवणाऱ्यांनी तो जरूर करून पाहावा.

चुका होत. एका चित्रपटात संकलकाच्या नावातील ऱ्हस्व-दीर्घ चुकले आणि प्रती निघून गेल्यावर लक्षात आले. त्या माणसाने दीड वर्ष त्या चित्रपटावर घालवले होते. मला आजही ते लागते. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये पाब्लो फेरो यांनी उंच, सडपातळ अक्षरांत सगळ्या पाट्या हाताने लिहिल्या, आणि त्यांतही 'बेस्ड ऑन' मधले एक अक्षर राहून गेले आहे. ते आजही तसेच दिसते.

कार्यक्रमात सत्यजित राय यांचा 'चारुलता' ठेवा, ही माझी विनंती. पाट्या चालू असताना चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचे पहिले अक्षर, इंग्रजी बी, भरत असते. राय जाहिरातसंस्थेत काम केलेले, अक्षरांचे जाणकार. त्यांनी अक्षर लिहिले नाही, ते टाक्याटाक्याने तयार होताना दाखवले.

---

शेवटची रांग

वरील सर्वांचे लेखन मी आदराने वाचले, पण एक बाजू मांडायची राहिली आहे. पाट्यांमुळे दृश्याचे नुकसानही होते.

ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल'चा आरंभ घ्या. एक हात बाँबचे घड्याळ लावतो, बाँब गाडीच्या डिकीत ठेवला जातो, गाडी निघते, आणि कॅमेरा एकही काप न घेता सीमेवरील गावातून तिच्या मागेपुढे तीन मिनिटांहून अधिक काळ फिरतो. मध्येच एक नवविवाहित जोडपे त्याच रस्त्याने चालत येते. स्फोट केव्हा होईल, एवढाच प्रश्न प्रेक्षकाच्या मनात हवा. स्टुडिओने या दृश्यावर सगळी नावे छापली आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत घातले. संगीत उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नावे वाचता वाचता गाडी नजरेतून सुटते. वेल्स यांनी स्टुडिओला ५८ पानांचे टिपण लिहून आपले म्हणणे कळवले होते. त्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये नवे संकलन केले, तेव्हा नावे काढली आणि रस्त्यावरच्या दुकानांतून, गाडीच्या रेडिओतून येणारी सरमिसळ गाणी ऐकू येऊ लागली. मी दोन्ही आवृत्त्या पाहिल्या आहेत. दुसरीत मी खुर्चीच्या हातांवरची पकड सोडली नाही.

वेल्स यांना नावांचा तिटकारा होता असे मात्र समजू नये. 'सिटिझन केन'मध्ये त्यांनी आरंभी जवळजवळ शीर्षकच तेवढे ठेवले आणि बाकी नावे शेवटी नेली. तिथे दिग्दर्शक म्हणून स्वतःच्या नावाच्या पाटीवर छायालेखक ग्रेग टोलंड यांचे नावही घेतले. 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मध्ये तर प्रत्येकाचे नाव ते आपल्या आवाजात उच्चारतात. सातारकर, आपल्या कार्यक्रमात 'टच ऑफ ईव्हिल'ची दोन्ही रूपे लागोपाठ दाखवावीत, म्हणजे पाटी केव्हा हवी आणि केव्हा नको, यावर प्रेक्षकांना स्वतः बोलता येईल.

---

करारपत्र

तिसरा प्रश्न नावे शेवटी का गेली हा आहे, आणि त्याचे उत्तर सौंदर्यापेक्षा करारांत अधिक सापडते.

अमेरिकेत कोणाचे नाव कुठे, कोणत्या आकारात आणि कोणानंतर येणार, हे संघटनांच्या करारांनी बांधलेले असते. दिग्दर्शकाचे नाव सुरुवातीच्या पाट्यांत सर्वांत शेवटी, कथेला लागून यावे, हा त्यातलाच नियम. १९७४ च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'मध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन यांच्यापैकी पहिला कोण, हा पेच होता. तेव्हा मॅक्वीन यांचे नाव डावीकडे पण खाली, आणि न्यूमन यांचे उजवीकडे पण वर ठेवले. डावीकडून वाचणाऱ्याला एक पहिला, वरून वाचणाऱ्याला दुसरा. आपल्याकडे 'और प्राण' ही सर्वांत शेवटची पाटी पहिल्या पाटीइतकीच मानाची होती. मानधनाइतकेच हे जपले जाई.

कामगार-तंत्रज्ञांच्या संघटनांनी प्रत्येकाच्या नावाचा हक्क मिळवत नेला, तशी यादी लांबली, आणि इतकी नावे आधी दाखवणे शक्य राहिले नाही. जॉर्ज लुकास यांनी १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'ची सुरुवात दूर जाणाऱ्या पिवळ्या मजकुराने केली आणि सर्व नावे शेवटी नेली. ते स्वतःच दिग्दर्शक असल्याने तेव्हा चालून गेले. पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शक आयर्विन कर्शनर होते, त्यांचेही नाव शेवटी गेले, आणि दिग्दर्शकांच्या संघटनेने हरकत घेऊन दंड लावला. लुकास यांनी संघटनाच सोडली.

परंतु पाट्यांत नाव असण्याचे मोल ज्या एका माणसाने सर्वांत अधिक चुकवले, ते पटकथाकार डाल्टन ट्रंबो. अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीसमोर राजकीय निष्ठांविषयी उत्तरे न दिल्यामुळे त्यांना तुरुंगवास झाला आणि हॉलिवूडच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले. त्यानंतर ते लिहीत राहिले, पण नाव दुसऱ्याचे. 'रोमन हॉलिडे'च्या कथेचे ऑस्कर त्यांच्या मित्राच्या, इयन मॅक्लेलन हंटर यांच्या नावे गेले. १९६० मध्ये 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस' या दोन चित्रपटांनी ट्रंबो हे नाव पुन्हा पडद्यावर आणले. 'रोमन हॉलिडे'चे श्रेय लेखकांच्या संघटनेने त्यांना अधिकृतपणे दिले तेव्हा २०११ साल उजाडले होते, आणि ट्रंबो यांना जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. वर 'पडद्यामागे' यांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्या सॉल बास यांनीच 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस' या दोन्हींच्या पाट्या केल्या आहेत. त्या पाहताना मी रचनेआधी ती एक ओळ शोधतो.

मुंबईतील उदाहरणही आहे. 'जंजीर'च्या भित्तिपत्रकांवर लेखकांची नावे नव्हती, तेव्हा सलीम-जावेद यांनी रंगाऱ्याकरवी शहरभर लागलेल्या पत्रकांवर आपली नावे रंगवून घेतली.

नाव मुद्दाम न देण्याचाही एक उत्तम उपयोग आहे. १९९५ च्या 'सेव्हन'मध्ये खुनी फार उशिरा समोर येतो, म्हणून त्या नटाचे नाव आरंभीच्या पाट्यांत नाही. त्याऐवजी काइल कूपर यांनी त्या खुन्याचे हात दाखवले: वह्या शिवणारे, छायाचित्रे कापणारे, पात्याने बोटांची कातडी खरवडणारे. नावे फिल्मवर ओरखडल्यासारखी थरथरतात. त्याचा चेहरा दिसत नाही आणि नावही नाही, तरी प्रेक्षकाला तो दोन मिनिटांत भेटून जातो.

---

सातारकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. 'लोलक' यांचे उत्तर मी छापून सहकाऱ्याला दिले. त्याने रात्री 'व्हर्टिगो'च्या पाट्या पाहिल्या आणि सकाळी फोन करून सांगितले की पुढच्या वेळी त्या गृहस्थांना तो स्वतः घरून घेऊन येईल.

कार्यक्रम असा ठरवला आहे: 'गोल्डन आर्म', मग 'व्हर्टिगो'च्या राहिलेल्या पाट्या, 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', 'चारुलता', 'टच ऑफ ईव्हिल'चे दोन्ही आरंभ आणि शेवटी 'सेव्हन'. 'स्पार्टाकस'च्या पाट्यांतून ट्रंबो यांचे नाव येते तेवढा भाग मधे घेऊ. 'सायको' वेळेअभावी सोडावा लागतो आहे. 'लोलक' यांना आमचे गाव फार दूर नसेल, तर रेतीचा डबा आणि काळा कागद घेऊन त्यांनी यावे, येण्याजाण्याची व्यवस्था आम्ही करू. सभागृहाला जुना मखमली पडदा आहे, तो आम्ही सहा वाजण्यापूर्वीच उघडून ठेवणार आहोत, आणि दिवे पहिल्या पाटीच्या आधी मालवू. उशिरा येणाऱ्यांना पाट्या संपेपर्यंत दाराशी थांबावे लागेल, तशी सूचना फलकावर लावली आहे.

---

रोस्ट्रम

'चारुलता' घेतल्याबद्दल आभारी आहे. पहिल्या रांगेत बसू नका, टाके मधूनच नीट दिसतात.